मेघ उठेपर्यंत

पाळकसाहेब, मंडळी, सगळ्यांना सलाम.

स्वर्गाच्या वाटेवर देव आपल्याला कसा चालवतो, यावर बोला, असं पाळकसाहेबांनी मला सांगितलं तेव्हा मी हात जोडले. म्हटलं, मी सेमिनरीत शिकलेला माणूस नाही. ते म्हणाले, "३१ वर्षं लोकल चालवलीत ना? मग तिथूनच सुरू करा." तर तिथूनच करतो.

लोकांना वाटतं, मोटरमनच्या केबिनमध्ये बसलं की सीएसएमटीपासून कल्याणपर्यंतची लाइन समोर अंथरलेली दिसत असेल. दिसतो तो एक सिग्नल. वळण असलं, पाऊस असला, की तोही उशिराच. डबल पिवळा असला तर पुढचा पिवळा मिळेल असं धरून चालायचं. पिवळा मिळाला तर त्याच्या पुढच्याला थांबायच्या तयारीत राहायचं. लालला थांबायचं. ठाण्याचा सिग्नल काय आहे हे भायखळ्याला कोणी सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही. आपण पोचेपर्यंत तो कितीदा तरी बदललेला असतो.

प्रार्थनेत मात्र आम्ही देवाकडे सगळे सिग्नल एकदम मागतो. मुलीचं लग्न कधी, मुलाला कायमची नोकरी कुठे, घर विरारला घ्यावं की बदलापूरला. आणि शेवटचं स्टेशन स्वर्ग आहे, तेवढं लिहून दे, म्हणजे आम्ही निवांत.

बायबलातलं 'गणना' हे पुस्तक आपण फारसं उघडत नाही. नावच असं, की शिरगणतीची वही वाटावी. पण त्याचा नववा अध्याय घरी जाऊन वाचा. निवासमंडपावर, म्हणजे देवाच्या तंबूवर, मेघ आहे. तो उठला की मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघून रानात चाललेल्या इस्राएल लोकांनी तळ हलवायचा, तो ठरला की त्यांनीही तळ द्यायचा. कधी तो संध्याकाळपासून सकाळपर्यंतच राही. कधी दोन दिवस, कधी महिना, कधी वर्ष. आता त्या तंबूतल्या बाईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. रात्री खुंट्या ठोकल्या, पोरांना निजवलं, चुलीला तीन दगड शोधून आणले, आणि उजाडताच ओरडा झाला : मेघ उठला! किंवा उलट. आज निघू, उद्या निघू म्हणत गाठोडी बांधून ठेवली आणि मेघ वर्षभर जागचा हलला नाही. मुंबईतल्या भाडेकरूला निदान ११ महिन्यांचा करार तरी मिळतो. यांना तेवढंही नव्हतं.

त्या अध्यायात एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली आहे, इतक्यांदा की वाचणारा कंटाळतो. परमेश्वराच्या आज्ञेवरून ते तळ देत आणि परमेश्वराच्या आज्ञेवरून ते कूच करत. तळ देणं हीसुद्धा आज्ञाच. आपण काय करतो? काम झालं, बदली मिळाली, व्हिसा आला, की साक्ष देतो, 'देवाने मला चालवलं.' अडकून पडलो की म्हणतो, 'देव गप्प आहे.' अहो, लाल सिग्नल गप्प असतो का?

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. माझी गाडी शीव आणि कुर्ल्याच्या मध्ये उभी राहिली. रूळ दिसेनात. मागून लोक केबिनचा दरवाजा ठोकत होते, "अहो मोटरमन, किती वेळ? निदान सांगा तरी!" त्यांना वाटत होतं, मला माहीत आहे आणि मी सांगत नाही. मला त्यांच्याइतकंच माहीत होतं. समोर लाल होता, नंतर तोही विझला. तेव्हा मी मनात देवाला जे बोललो ते देवळात सांगण्यासारखं नाही. विश्वासाची साक्ष वगैरे काही नव्हती, चिडचिड होती.

अंधार पडायच्या सुमाराला रुळांलगतच्या वस्तीतली पोरं दोर घेऊन आली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून त्यांनी बायका-मुलांना एकेक करून उतरवलं. एक पोरगा, असेल चौदा-पंधरा वर्षांचा, सारखा ओरडत होता, "काका, तिकडून नको, तिकडे नाला उघडा आहे! माझ्या मागनं या!" वरून बघणाऱ्याला सगळं पाणी सारखंच. नाला कुठे आहे ते तिथे राहणाऱ्यालाच ठाऊक.

'गणना'च्या दहाव्या अध्यायात मला पुढे कधीतरी तो पोरगा सापडला. मेघ उठलाय, तळ निघालाय, आणि लोकांचा पुढारी मोशे आपल्या मेहुण्याला, होबाबाला, विनवतो आहे : आम्हाला सोडून जाऊ नकोस. रानात तळ कुठे द्यायचा हे तुला माहीत आहे, तू आमचे डोळे हो. डोक्यावर खुद्द परमेश्वराचा मेघ आहे, तरी मोशेला वाटा माहीत असलेला माणूस हवा आहे. काही पंडितांना हा मोशेचा अविश्वास वाटतो. मला नाही वाटत. आमच्याकडे नवा मोटरमन एकटा गाडीवर चढत नाही. आधी 'लर्निंग रोड', आम्ही एल.आर. म्हणतो. जुन्या माणसाशेजारी बसून लाइन शिकायची. कुठे चढ आहे, कुठे ब्रेक लवकर लावायचा, कुठे सिग्नल झाडाआड जातो. मग सही करून द्यायची, की हो, मला ही लाइन माहीत आहे. सिग्नल असतात म्हणून एल.आर. माफ होत नाही.

इथे एक सांगून टाकतो, कारण आपल्या लोकांत ही सोय फार चालते. सगळा उशीर देवाच्या खात्यावर मांडू नका. मिसरातून निघताना देवाने पलिष्ट्यांच्या देशातली जवळची वाट टाळली. युद्ध बघून लोक माघारी फिरतील, असं कारणही शास्त्रात दिलंय. तो वळसा देवाचा. पण होरेब डोंगराहून कादेश-बर्ण्याची वाट ११ दिवसांची, असं बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. ते तिथे पोचले, समोर देवाने कबूल केलेला देश दिसत होता, आणि घाबरून त्यांनी पाऊल टाकायला नकार दिला. पुढची ३८ वर्षं गेली ती त्यामुळे. सिग्नल मिळाला होता, गाडी यांनी उभी केली.

आणि एकाला मिळालेला हिरवा दुसऱ्याला हिरवाच दिसतो असंही नाही. रेव्हरंड टिळकांची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एक परदेशी गृहस्थ भेटला, त्याने नवा करार हातात दिला आणि म्हणाला, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. १० फेब्रुवारी १८९५ ला इथे मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. खरी गोष्ट. पण त्यांच्या पत्नीच्या, लक्ष्मीबाईंच्या बाजूने बघा. त्या बाईला तो सिग्नल कोणी दाखवला होता? तिच्या लेखी संसार रुळांवरून घसरला होता. ती त्याच वाटेला लागली, पण पाच वर्षांनी आणि स्वतःच्या पायांनी. देवाने आपल्याला चालवलं असं सांगताना शेजारी बसलेल्या माणसाचं काय झालं, तेही बघावं.

शेवटी थोमा. मला प्रभू येशूचा हा शिष्य आवडतो, तो नकाशा मागतो. प्रभूजी, तुम्ही कुठे जाता हेच आम्हाला माहीत नाही, मग वाट कशी कळणार? त्याला नकाशा मिळाला नाही. प्रभू म्हणाला, वाट मीच आहे.

ज्यांच्याशेजारी बसून मी एल.आर. केलं ते नगरकडचे, आपल्यातलेच. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी हॉस्पिटलात भेटायला गेलो. विचारू नये ते विचारलं, "मास्तर, भीती वाटते का?" म्हणाले, "या लाइनचं माझं एल.आर. झालेलं नाही रे." मग बराच वेळ डोळे मिटून पडून राहिले. मला वाटलं, झोप लागली. तर म्हणाले, "त्याचं झालंय. जाऊन परत आलाय तो."

मग मला खिडकी उघडायला लावली. खालून गाड्यांचा आवाज येत होता. थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "फास्ट आहे. लेट चाललीय."