लाईट बंद कर, नाटक लागलं

(नदीचा शॉट, दिवस मावळतीला)

ही वर्धा नदी. आपण उभे आहोत ते आर्वी तालुक्याच्या काठावर, आणि पलीकडे ते देवळाचं शिखर दिसतंय ना, ते कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. नीट पाहून ठेवा, परत इथेच यायचंय.

(ओट्यावरचे सेल, मग आबाजींचे हात)

हे चार सेल दुपारभर उन्हात ठेवलेले होते, उतरलेले सेल तापले की अजून थोडा वेळ चालतात, हे गावात सगळ्यांनाच माहीत आहे. आता ते रेडिओत चाललेत. काटा मिडीयम वेव्हच्या ५८५ वर, म्हणजे आकाशवाणी नागपूर, जे केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. आबाजी रेडिओ असा थोडा थोडा फिरवून राह्यलेत ते उगाच नाही. आत एक काळी फेराइटची कांडी असते, तिच्यावर बारीक तार गुंडाळलेली, तीच अँटेना. कांडी आडवी, म्हणजे तिचं लांबट अंग स्टेशनकडे, की आवाज भरतो, आणि टोक तिकडे झालं की पडतो. आबाजींना कांडीचं कोणी सांगितलेलं नाही, त्यांच्या मनगटालाच ते कळतं.

तरी खरखर आहेच.

"आबाजी, आवाज काऊन असा येते?"

"लाईट बंद कर ना माय, त्या बल्बाचीच खरखर आहे. अन् तो चार्जरही काढ."

खरंच आहे ते. एलईडी बल्बात आणि मोबाईलच्या चार्जरमध्ये जे छोटं सर्किट असतं त्याचा कचरा नेमका मिडीयम वेव्हवर येतो. पोरीने बटण दाबलं आणि बघा आवाज कसा निवळला. आमच्या कॅमेऱ्याचा लाईटही आबाजींनी बंद करायला लावला, म्हणून इथून पुढचे शॉट असे काळे आहेत, बिडीचं टोक आणि चुलीतला निखारा तेवढा दिसतो.

(अंधार)

अंधाराचा अजून एक उपयोग आहे. दिवसा उन्हामुळे आकाशात खाली एक थर तयार होतो, तो मिडीयम वेव्ह पिऊन टाकतो, सूर्य बुडला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थराला आपटून दूर दूर उतरतात. एफएमचं तसं नाही, ते जवळपास सरळ रेषेतच जाते, मध्ये टेकडी आली की संपलं.

आधी भाषण झालं, रामटेक आणि मेघदूतावर. तेव्हा जेवणं चालू होती.

मग नाटक. भवभूतीचं उत्तररामचरित, मराठीत, नभोनाट्य करून. दक्षिणापथातलं पद्मपूर हे आपलं गाव असं भवभूतीने स्वतः लिहून ठेवलंय, आणि गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पद्मपूर ते हेच असं आपल्याकडे मानतात, म्हणजे हा माणूस घरचाच. पहिल्या अंकात राम आणि सीता भिंतीवरची चित्रं पाहतात, आपल्याच वनवासाची. इथे बाजेवर बसलेल्या कोणालाच चित्र दिसत नाही, ते फक्त ऐकतात की ती दोघं पाहून राह्यलीत. आणि तिसरा अंक तर, मला वाटते, रेडिओसाठीच लिहिला असावा. सीता तिथेच आहे पण अदृश्य, रामाला दिसत नाही, फक्त तिचा स्पर्श कळतो. स्टेजवर सीता डोळ्यांसमोर उभी असते आणि दिसत नाही असं आपल्याला मानून घ्यावं लागते. रेडिओवर काही मानावं लागत नाही, तिचा श्वास तेवढा माईकजवळ येतो.

(आजींचा चेहरा, निखाऱ्याच्या उजेडात. इथे बोलायचं नाही, वीस सेकंद)

देशातले मिडीयम वेव्हचे कितीतरी ट्रान्समीटर गेल्या काही वर्षांत बंद झाले, नागपूरच्या ट्रान्समीटरवरून १९८८ ला सुरू झालेलं रात्रीचं नॅशनल चॅनेल २०१९ ला बंद झालं. ५८५ राहिलं पाहिजे.

(परत नदी, रात्र)

शेवटी नाट्यसंगीत. ऑपेरात बहुतेक सगळं गाऊनच बोलतात, आपल्या संगीत नाटकात बोलायचं ते बोलतात आणि बोलून भागत नाही तिथे पद येते. आत्ता लागलंय ते खाडिलकरांच्या स्वयंवरातलं, १९१६ चं नाटक, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि रुक्मिणी व्हायचे बालगंधर्व. पुण्या-मुंबईत लोकांनी ती रुक्मिणी तिकीट काढून पाहिली. इथे आजी हात वर करून अंधारात पलीकडचा काठ दाखवते आणि नातीला म्हणते, "थे पाय, तिकडची पोरगी आहे ही."

(निवेदन बंद. पद पूर्ण जाऊ द्या.)