काळी गाडी, पॉलिश आणि मेण

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी गडद रंगाच्या गाडीविषयी बोलणार आहे. काळी, गडद निळी किंवा गर्द तपकिरी गाडी ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांना माझे बोलणे लगेच पटेल. ज्यांची गाडी पांढरी किंवा चंदेरी आहे त्यांनीही ऐकावे, कारण ओरखडे त्यांच्याही गाडीवर असतात, ते फक्त दिसत नाहीत.

दुकानात जाऊन 'गाडी चमकवायचे काहीतरी द्या' असे आपण म्हणतो, तेव्हा दुकानदार जे डबे समोर ठेवतो त्यांत दोन अगदी वेगळ्या जातींच्या वस्तू असतात. एक पॉलिश आणि दुसरे मेण, म्हणजे ज्याला आपण वॅक्स म्हणतो ते. पॉलिशमध्ये अतिशय बारीक पण कठीण कण असतात आणि ते रंगाचा वरचा थर घासून काढतात. मेणात असे कण नसतात. ते त्या थरावर पातळ पांघरूण घालते. पॉलिश रंग खाते, मेण रंग राखते. आजच्या भाषणातले हे एक वाक्य लक्षात राहिले तरी पुरे आहे, म्हणून पुन्हा सांगतो: पॉलिश रंग खाते, मेण रंग राखते.

हे वाक्य माझे नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका वयस्कर पेंटरने ते मला सांगितले, आणि ते ऐकण्याची वेळ माझ्यावर कशी आली हे सविस्तर सांगायला हवे.

मी शाळेत शिक्षक होतो, आणि बऱ्याच वर्षांच्या बचतीतून आम्ही काळ्या रंगाची गाडी घेतली होती. नवी असताना दारासमोरचा शेवगा तिच्या बॉनेटमध्ये पानापानाने दिसत असे. वर्षभरात ते प्रतिबिंब धूसर झाले. खंडेनवमी दोन दिवसांवर आली होती, पूजेला गाडी लखलखीत असावी अशी माझी इच्छा होती, म्हणून मी बाजारातून एक डबा आणला. दुकानदाराने गाडीचा रंग विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. तो डबा जाड कणांच्या रबिंग कंपाउंडचा होता, जे पेंटर लोक नव्या रंगाची खरबरीत कड उतरवण्यासाठी वापरतात. मला तेव्हा रबिंग, पॉलिश आणि मेण हे सारे एकच वाटत होते.

भर दुपारी, ऑक्टोबरच्या उन्हात, बॉनेटवर हात टेकवत नव्हता अशा वेळी, मी जुन्या टॉवेलच्या तुकड्याने ते कंपाउंड गोल गोल घासले, आणि जिथे ते वाळून घट्ट बसले तिथे आणखी जोर लावला. संध्याकाळी पोर्चमधल्या ट्यूबलाइटखाली गाडी खरोखर चमकत होती. मला फार समाधान वाटले.

खंडेनवमीच्या सकाळी गाडी अंगणात काढली, झेंडूचा हार घातला, आणि कोवळे ऊन तिरपे होऊन बॉनेटवर आले. माझी आई हळदीकुंकवाचे तबक घेऊन उभी होती. ती म्हणाली, ''अरे, बॉनेटवर एवढं कोळिष्टक कसलं?'' आणि तिने तबक खाली ठेवून पदराने ते पुसायला सुरुवात केली. तिने दोनदा पुसले, तिसऱ्यांदा पुसले. कोळिष्टक निघेना, कारण ते रंगावर नव्हते, रंगात होते. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती हजारो बारीक रेघांचे गोल जाळे पसरले होते, आणि त्यातली प्रत्येक रेघ मी स्वतः ओढलेली होती.

दसरा झाल्यावर मी गाडी त्या पेंटरकडे नेली. त्यांना सगळे 'मामा' म्हणत. त्यांनी गाडी शेडमध्ये घेतली, दिवे बंद केले, आणि हातात बॅटरी धरून तिचा झोत बॉनेटवरून हळूहळू फिरवला. मग म्हणाले, ''हे काय करून बसलासा, सर?'' त्यांनी मला तीन प्रश्न विचारले: डबा कोणता, फडके कोणते आणि वेळ कोणती. तिन्ही उत्तरे ऐकून ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत.

नंतर त्यांनी समजावले. हल्लीच्या गाड्यांवर काळ्या रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन असते, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही कमी. गाडीची सारी चकाकी त्या थरात आहे, आणि पॉलिश करायचे म्हणजे त्या थरातला थोडा भाग कायमचा खर्च करायचा. बॉनेटच्या कडेवर बोट ठेवून ते म्हणाले, ''हितं तर आणखी पातळ असतंय. पॉलिश रंग खातंय सर, मेण रंग राखतंय. तुम्ही राखायचं सोडून खायला घातलं.''

काळ्या रंगावरच हे इतके का दिसते, हे मी फळ्याकडे बघत आयुष्य काढलेला माणूस असल्यामुळे मला चटकन उमगले. पांढरा रंग सगळीकडून प्रकाश परत फेकतो, म्हणून ओरखड्यावरून परतलेला प्रकाश त्यात मिसळून जातो. काळा रंग आत शिरलेला प्रकाश गिळतो, आणि मग फक्त ओरखड्याची कड तेवढी उजळते. काळ्या फळ्यावर खडूची एक बारीक रेघ शेवटच्या बाकावरूनही दिसते, तसेच हे आहे.

मामांनी काम कसे केले ते मी बाजूला बसून पाहिले. आधी गाडी नीट धुतली, वाळवली, सावलीत थंड होऊ दिली. बॉनेटवर चिकटपट्टीने वीतभर चौकोन आखला आणि त्यात सर्वांत सौम्य पॉलिश मऊ फोमच्या पॅडने लावून पाहिले. ''आधी मऊ औषध. त्यानं भागलं तर कडक कशाला?'' ते पुरेसे झाले नाही, तेव्हाच एक पायरी वरचे घेतले, आणि शेवटी पुन्हा सौम्य पॉलिशचा हात फिरवला, कारण कडक पॉलिशने उठणारी धूसर झाक काळ्या रंगावर लगेच दिसते. काही खोल रेघा त्यांनी काढायला नकार दिला. त्या काढताना खालचा रंग उघडा पडला असता. दीड दिवसाने त्यांनी मेणाचा पातळ हात दिला, वाळल्यावर तो मऊ कापडाने उतरवला आणि गाडी बाहेर उन्हात आणली. स्पष्ट प्रतिबिंब बॉनेटमध्ये परत आले होते. निघताना ते म्हणाले, ''पुढच्या वेळी गाडी आणायच्या आधी फडकं आणून दाखवा.''

त्या दिवसापासून मी हळदकुंकू रंगावर लावू देत नाही. पूजा श्रद्धेने करावी, पण बोटे नंबर प्लेटवर उमटवावीत. कोरडे कुंकू नंतर पुसताना रंगावर घासले जाते.

आता निवडीविषयी. गाडीवर जाळे नसेल तर पॉलिश घेऊच नका, थेट मेण घ्या. जाळे असेल तर आधी सौम्य पॉलिश, मग मेण. डब्यावर 'क्लीनर वॅक्स' असे लिहिले असेल, तर त्यात घासणारे कण असू शकतात हे ओळखावे. काळ्या गाडीला असा डबा वारंवार लावू नये. काळा रंग घातलेले पॉलिशही मिळते. ते ओरखडे भरून लपवते, काढत नाही, आणि काही वेळा धुतल्यावर ते पुन्हा उघडे पडतात. लग्नाच्या वरातीसाठी ते ठीक आहे, कायमचा उपाय म्हणून नाही.

मेणांमध्ये कार्नोबा हे नाव तुम्हाला डब्यावर दिसेल. ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवर हे मेण धरते. मधमाशांचे मेण साधारण 62 ते 65 अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्नोबा 82 ते 86 अंशांना, म्हणून आपल्याकडच्या उन्हात ते अधिक तग धरते. काळ्या रंगाला त्याने जी खोली येते ती मला कशातच दिसलेली नाही. मात्र ते काही आठवडे टिकते, आणि पावसाळ्यात त्याहून कमी. वारंवार हात देणे जमत नसेल तर कृत्रिम मेण, म्हणजे सीलंट घ्यावे. ते काही महिने टिकते. सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर बसून कडक होणारा पारदर्शक थर, त्याहून टिकाऊ आणि त्याहून महाग असते, पण ते ओरखड्यांवर लावले तर ओरखडे त्याच्याखाली तसेच राहतात. आधी पृष्ठभाग दुरुस्त, मग कोटिंग.

मेण पातळच लावावे. जाड लावल्याने राखण वाढत नाही, फक्त पुसायचे कष्ट वाढतात आणि फटींमध्ये पांढरी पावडर साचते, जी काळ्या गाडीवर फार उठून दिसते. बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर मेण लागू देऊ नये. त्याचे पांढरे डाग लवकर जात नाहीत. टूथपेस्ट लावू नये, तीही घासणारीच आहे. डिझेलचे फडके मारू नये, त्याच्या तेलकट थरावर धूळ बसते. धुण्याच्या पावडरीने गाडी धुतली तर मेण निघून जाते, म्हणून गाडीचा शाम्पूच वापरावा.

बोअरच्या पाण्याने धुणाऱ्यांनी गाडी ताबडतोब पुसून कोरडी करावी. त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, आणि तापलेल्या काळ्या पत्र्यावर पाणी क्षणात उडून त्यांची पांढरी वर्तुळे मागे राहतात.

इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. सोसायट्यांमध्ये पहाटे वीस-पंचवीस गाड्या पुसणाऱ्या मुलाकडे एक बादली आणि एक फडके असते. पहिल्या गाडीची वाळू विसाव्या गाडीवर घासली जाते, आणि आपण त्याला दोष देतो. त्याला चांगला पगार द्यावा, दोन बादल्या द्याव्यात, आणि आपल्या गाडीसाठी मायक्रोफायबरची दोन स्वतंत्र कापडे द्यावीत. त्याला हेही सांगावे की धुळीने भरलेली गाडी कोरडी पुसायची नाही, आधी पाणी ओतायचे. तुमचे मेण कितीही भारी असले तरी ते या कापडाच्या भरवशावर आहे.

मेण संपले की नाही हे कसे ओळखावे, असे श्रोते नेहमी विचारतात. धुतलेल्या बॉनेटवर ओंजळभर पाणी टाकावे. पाणी मण्यांसारखे गोळा होऊन घरंगळले तर मेण शिल्लक आहे. ते चादरीसारखे पसरून बसले तर मेणाचा पातळ हात द्यावा, सकाळी, सावलीत, पत्रा थंड असताना. आणि त्या वेळी पॉलिशचा डबा कपाटातच राहू द्यावा.

नमस्कार.