पेशींची पकड सुटते तेव्हा

पडद्यावरची ही काचपट्टी स्तनातील निरोगी दुग्धनलिकेची आहे. पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन दिसावे म्हणून ती रंगवली असून, जिथे दोन पेशी एकमेकींना भिडतात नेमक्या त्याच सीमेवर तपकिरी रेषा उमटली आहे. आता शेजारची पट्टी पाहा. हा लोब्युलर, म्हणजे दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या नावाने ओळखला जाणारा, स्तनकर्करोग. इथे ती रेषा पुसली गेली आहे आणि सुट्या झालेल्या पेशी मुंग्यांप्रमाणे एकामागे एक रांग धरून ऊतीत शिरल्या आहेत.

या प्रथिनाचा माग १९७०च्या दशकात लागला. क्योटोचे मासातोशी ताकेइची तेव्हा बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत काम करू लागले होते आणि क्योटोत सहज एकत्र येणाऱ्या पेशी तिथे काही केल्या चिकटेनात. पेशी सुट्या करायला दोन्हीकडे ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकरच वापरले जाई. मात्र बाल्टिमोरच्या द्रावणात कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीएही होते. कॅल्शियम असेपर्यंत पेशींच्या पृष्ठभागावरचे एक प्रथिन ट्रिप्सिनपासून बचावते आणि कॅल्शियम गेले की त्याचे तुकडे होतात, हे त्यातून उलगडले. या बशीत आपण ईडीटीए सोडले आहे: एकसंध थरात फटी पडतात, पेशी गोल होतात आणि एकेक करून अलग होतात.

लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिन बनवणारे सीडीएच१ हे जनुकच बहुधा बिघडलेले असते. याच जनुकातील आनुवंशिक दोष पोटाच्या कर्करोगाला कारण ठरतो, हे १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून सिद्ध झाले. असा दोष आढळलेल्या अनेकांना आज आजाराआधीच जठर काढून घ्यावे लागते. अर्थात, पकड सुटल्याशिवाय कर्करोग पसरतच नाही असे नव्हे. स्तनाच्या डक्टल (दुग्धनलिकांच्या) कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुधा टिकून असते आणि पेशी घोळक्यानेही प्रवास करतात.

स्तनाच्या पसरणाऱ्या कर्करोगांपैकी सुमारे १० ते १५ टक्के लोब्युलर असतात. पेशी एका जागी घट्ट साठत नसल्याने त्यात ठळक गाठ अनेकदा बनतच नाही आणि मॅमोग्राममधूनही तो निसटू शकतो. म्हणून स्तनाचा एखादा भाग नुसता जाडसर किंवा ओढल्यासारखा वाटला, तरी ‘गाठ तर नाही’ एवढ्यावर समाधान न मानता पुढील तपासणी व्हायलाच हवी. गरज भासल्यास एमआरआय आणि बायोप्सीही.