मागच्या रांगेपर्यंत

(रिकामं सभागृह. मधोमध उभा असलेला माणूस एकदाच टाळी वाजवतो.)

ऐका ही टाळी. हात केव्हाच खाली आले, पण आवाज अजून फिरतोय. मागच्या भिंतीवर आपटला, छताला लागला, बाजूच्या भिंतींमध्ये घुटमळला आणि मग विरला. संध्याकाळी इथे बँड वाजेल तेव्हा प्रत्येक ठोक्याचं आणि प्रत्येक शब्दाचं हेच होणार आहे. एक ठोका विरायच्या आत दुसरा त्याच्यावर येऊन पडला, की गाण्याचा गोंगाट होतो. रात्री कुणी भारावून बाहेर पडेल, तर कुणी म्हणेल, नुसता दणदणाट होता, एक शब्द कळला नाही. दोघंही खरंच बोलत असतील. ते वेगवेगळ्या जागी उभे होते, इतकंच. आज आपण त्या जागा बघणार आहोत, आणि गाणं प्रत्येक जागी पोचावं म्हणून दुपारभर राबणारी साउंडची माणसंही.

(ट्रकची मागची फळी खाली येते. चाकांच्या काळ्या पेट्या एकामागून एक उतरतात.)

पेट्यांमधून निघतात ते स्पीकर. एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला बारा. एकाखाली एक अडकवून ते साखळीच्या मोटरने वर चढवले जातात. इतका खटाटोप कशासाठी, जमिनीवर ठेवले तर काय बिघडेल? हिशेब असा आहे. अंतर दुप्पट झालं की साध्या स्पीकरचा आवाज 6 डेसिबलने उतरतो. स्पीकर जमिनीवर असेल तर पहिला श्रोता त्याच्यापासून 4 मीटरवर आणि शेवटचा 64 मीटरवर असतो. 4 चे 8, 8 चे 16, 16 चे 32, 32 चे 64. चार वेळा दुप्पट, म्हणजे 24 डेसिबलचा फरक. मागच्याला ऐकू यावं म्हणून आवाज वाढवला, तर पुढच्याचे कान बधिर होणार.

आता तोच स्पीकर 10 मीटर वर न्या. पुढचा श्रोता त्याच्यापासून जवळजवळ 11 मीटरवर गेला, मागचा मात्र होता तिथेच राहिला. फरक 16 डेसिबलच्या आत आला. एकही वॉट न वाढवता.

(मोबाईलवरचा कोन वाचून एक तरुण दोन स्पीकरमधली खीळ बदलतो.)

या माळेला लाइन अ‍ॅरे म्हणतात. ती केळ्यासारखी वळलेली दिसते, आणि ते वळण शोभेसाठी नाही. वरचे स्पीकर लांबच्या रांगांकडे बघतात, म्हणून त्यांच्यामध्ये एखादा अंश किंवा त्याहूनही कमी कोन. खालचे जवळच्या लोकांकडे बघतात, तिथे दोन पेट्यांमधला कोन आठ-दहा अंशांपर्यंत जातो. ही एक खीळ चुकीच्या भोकात गेली, तर 60 मीटरवर एका अंशाची चूक सुमारे एक मीटरची होते. झांजेचा झणत्कार शेवटच्या रांगेच्या डोक्यावरून जातो, मागच्या भिंतीला लागतो आणि उशिरा परत येतो. प्रेक्षकाला वाटतं, ड्रमर लयीत नाही.

(जुनी छायाचित्रं.)

इथवर यायला बराच काळ लागला. 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर बीटल्स या ब्रिटिश बँडने वाजवलं. समोर 55 हजारांहून अधिक लोक, बँडकडे 100 वॉटचे अ‍ॅम्प्लिफायर, आणि प्रेक्षकांपर्यंत पोचायला स्टेडियमचे घोषणांसाठी लावलेले कर्णे. किंकाळ्यांपुढे काही टिकलं नाही. वादकांना आपलंच वादन ऐकू येईना.

नऊ वर्षांनी, 1974 मध्ये, ग्रेटफुल डेड या बँडने स्पीकरची अख्खी भिंत उभारली. वजन सुमारे 75 टन. ही भिंत वादकांच्या पाठीमागे होती, म्हणजे जे प्रेक्षकांना ऐकू येई तेच वादकांनाही. पण मग गायकाच्या माईकमध्ये मागची सगळी भिंत शिरणार, त्याचं काय? त्यांनी प्रत्येक गायकापुढे दोन माईक जोडीने लावले, एकाचा विद्युत्‌प्रवाह दुसऱ्याच्या उलट. गायक गाणार एकाच माईकमध्ये. भिंतीचा आवाज दोन्हींत सारखाच येतो, म्हणून तो वजा होऊन जातो. गळा तेवढा उरतो. ही जोडी पाहून आजही साउंडच्या माणसाचे डोळे चमकतात. भिंत मात्र एका वर्षातच मोडीत निघाली, कारण ती गावोगाव वाहून नेणं कुणालाच परवडेना.

आता वर लटकलेली ही वळलेली माळ रूढ झाली ती 1990 च्या दशकात, फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ क्रिस्तियाँ हाइल यांच्या व्ही-डॉस्क या रचनेनंतर. स्पीकर एकमेकांना इतके चिकटवायचे की सगळे मिळून एकच उभा झोत पडावा. अशा झोतात अंतर दुप्पट झालं तरी काही टप्प्यापर्यंत आवाज 6 ऐवजी 3 डेसिबलनेच उतरतो.

(मोकळं मैदान. मधोमध उभा मनोरा, त्यावर चार स्पीकर.)

हे दुसरं ठिकाण उघड्यावरचं आहे. मंचापासून 60 मीटरवर हा मनोरा. त्याच्यावरच्या स्पीकरला मुद्दाम उशीर करायला लावतात. 20 अंश तापमानात आवाज सेकंदाला 343 मीटर जातो, म्हणजे मंचावरून इथवर यायला त्याला सुमारे 175 मिलिसेकंद लागतात. वीज मात्र तारेतून लगेच पोचते. उशीर लावला नाही तर मनोरा आधी गातो आणि मंच नंतर, आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून 175 लावतात, आणि वर आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद. ही वरची भर कानासाठी. आधी जिकडून आवाज येतो, गाणं तिकडूनच आलं असं कान धरून चालतो. स्पीकर शेजारी असूनही गायक समोर गातोय असं वाटतं ते त्यामुळे. दुपारी 30 अंश असताना मोजलेला उशीर रात्री गारवा पडल्यावर तीनेक मिलिसेकंदांनी चुकतो, म्हणून अंधार पडल्यावर पुन्हा मोजायचं.

(मंचाच्या दोन्ही टोकांना जमिनीवर मोठ्या पेट्या. पाण्याच्या पेल्यात लहरी उठतात.)

बेस, म्हणजे सगळ्यात खालचे सूर. छातीत बसतो तो हाच. 50 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 50 कंपनांच्या, लहरीची लांबी जवळजवळ 7 मीटर असते. मंचाच्या डाव्या-उजव्या टोकांना दोन ढीग ठेवले, तर बरोबर मधल्या रेषेवर दोन्ही लहरी एकदम पोचतात आणि बेस दुणावतो. बाजूला सरकत जा. एका जागी एक लहर दुसरीपेक्षा साडेतीन मीटर जास्त चालून येते. एक चढते तेव्हा दुसरी उतरते आणि बेस गायब. म्हणून कार्यक्रमाला गेल्यावर बेस पोकळ वाटला, तर बँडला नावं ठेवण्याआधी सात-आठ पावलं बाजूला होऊन बघा. आमच्या मते खरा उपाय आयोजकाने करायचा आहे: दोन ढिगांऐवजी मंचासमोर आडवी एक रांग लावायची. यात पेट्या वाढतातच असं नाही. मेहनत मात्र वाढते, आणि पहिली काट तिथेच मारली जाते.

(साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधीची आवाजाची चाचणी. ड्रमर एकच पाय पुनःपुन्हा मारतो.)

धप्‌. धप्‌. धप्‌. पाहणाऱ्याला हा सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटतो. क्रम ठरलेला असतो. आधी ड्रम: पायाने वाजणारा किक, मग स्नेअर, हाय-हॅट, टॉम, ड्रमच्या वरचे माईक. त्यानंतर बेस गिटार, गिटार, कीबोर्ड, आणि शेवटी गळे. प्रत्येक वाद्याची पातळी आधी कन्सोलच्या, म्हणजे आवाज मिसळायच्या टेबलाच्या, प्रवेशापाशीच बसवतात. तिथे कमी घेतलं तर नंतर फेडर, म्हणजे पातळीची सरकपट्टी, कितीही चढवा, सोबत खरखर चढते. जास्त घेतलं तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज पुढे कुठल्याच बटणाने शिवता येत नाही.

(गायिका माईकची जाळी मुठीत धरते. शिट्टी.)

ही शिट्टी सगळ्यांच्या ओळखीची. माईकमध्ये गेलेला आवाज स्पीकरमधून बाहेर येतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो, आणि दर फेरीला वाढत जातो. गाण्याचा माईक पुढून ऐकतो आणि मागून जवळजवळ बहिरा असतो; त्या बहिऱ्या बाजूला पायाजवळचा मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचं ऐकवणारा स्पीकर, ठेवायचा. पण हे बहिरेपण जाळीखालच्या, मागच्या फटींमुळे येतं. मुठीने त्या फटी बुजल्या, की माईक सगळीकडचं ऐकायला लागतो. म्हणून पकड दांड्यावर हवी. बरेच गायक सवयीने जाळीच धरतात आणि बोल साउंडवाल्याला लागतो. साउंडवाला आधीच तयारी करून ठेवतो. आवाज हळूहळू चढवायचा, जो सूर आधी शिट्टी मारेल तेवढाच बारीक पट्टा काही डेसिबलने कापायचा. दोन-तीन ठिकाणी कापलं की पुरे. दहा ठिकाणी कापलं, तर गळ्यात गळा राहत नाही.

(दारं उघडतात. लोक धावत पुढे येतात.)

लोक आत आले आणि दुपारचं अर्धं काम बदललं. माणसाचं शरीर आणि कपडे आवाज पितात, वरचे सूर तर जास्तच. ती टाळी आता इतकी फिरणार नाही. घुमणं कमी झालं हा फायदा, पण दुपारी लावलेली पातळी आता अपुरी. म्हणून पहिल्या दोन गाण्यांत आवाज हलताना जाणवतो: गळा मागे, मग पुढे, मग जागेवर. पहिल्या गाण्यावरून निकाल देऊ नका. आणि आधी वाजवणाऱ्या नवख्या बँडला तर साउंड चेक मिळतोच असं नाही. वीस-तीस मिनिटांच्या अदलाबदलीत तारा लागल्यात की नाही एवढंच बघून होतं. त्यांचा आवाज कच्चा वाटला, तर तो त्यांचा दोष असेलच असं नाही.

उभं कुठे राहायचं? हा बघा, मिक्सिंगचा कठडा. बँडचा आवाज ठरवणारी व्यक्ती इथे उभी राहून, इथे जे ऐकू येतं त्यावरून ठरवते. कठड्याच्या जरा पुढे किंवा शेजारी राहा. अगदी पुढच्या रांगेत गायक हाताच्या अंतरावर दिसतो, पण वरच्या माळेचा आवाज डोक्यावरून जातो आणि कानावर ड्रम व गिटारचे अ‍ॅम्प तेवढे आदळतात. मंचाच्या कडेला छोटे स्पीकर लावलेले असतील तरच शब्द कळतात. सज्जाखाली खोलवर वरचे सूर पोचत नाहीत. मागच्या भिंतीला टेकून उभं राहिलं, तर बेस साचून सगळं गढूळ होतं.

(वरून दिसणारी गर्दी. ती एकदम एका बाजूला झुकते.)

ही लाट बघा. चौरस मीटरमध्ये चार माणसं असली तर हलता येतं. सहा-सात झाली की गर्दी पाण्यासारखी वाहते आणि एकट्याच्या पायात काही उरत नाही. 30 जून 2000 रोजी डेन्मार्कच्या रॉसकिल्ड महोत्सवात अशा दाटीत 9 तरुणांचा जीव गेला. हात छातीपुढे धरा, लाट ओसरली की तिरकं बाहेर सरका, कुणी पडलं तर सगळे मिळून उचला.

(दिवे मालवतात. पहिला सूर. निवेदन नाही, पुढची 40 सेकंदं फक्त चेहरे आणि गाणं.)

(कठड्यावरचा मीटर : 99, 101, 100 डेसिबल.)

हा आकडा कन्सोलशेजारी दिसायलाच हवा, असं आमचं ठाम मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कार्यक्रमांसाठी जो दंडक दिला, त्यात 15 मिनिटांची सरासरी 100 डेसिबलच्या वर जाऊ नये, ती सतत मोजली जावी, प्रेक्षकांना कानातले बोळे मिळावेत आणि विसाव्याला शांत जागा असावी, असं सांगितलंय. कामगारांसाठीचा एक प्रचलित हिशेब असा: 85 डेसिबल आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100 ला उरतात 15 मिनिटं. कार्यक्रम चालतो दोन तास.

(जवळून : बोटांत स्पंजचा बोळा.)

म्हणून बोळे. स्पंजचा बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बाहेर लोंबत असेल तर तो बसलाच नाही. स्पंज वरचे सूर जास्त खातो, म्हणून गाणं उशीखालून आल्यासारखं वाटतं. संगीतासाठीचे गाळणीवाले बोळे सगळे सूर जवळपास सारखेच खाली आणतात. नेहमी जाणाऱ्याने तेच घ्यावेत. आतल्या कानाच्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत.

(दिवे पूर्ण उजळलेले. रिकाम्या बाटल्या. माळ खाली उतरते.)

मोटर उलटी फिरते, स्पीकर पेट्यांत जातात. आणि हा मुलगा तारा गुंडाळतोय. त्याचा हात बघा. एक वेढा सरळ, पुढचा मनगट फिरवून उलटा, पुन्हा सरळ. एकाच बाजूने गुंडाळत गेलं तर तारेला पीळ बसतो आणि आतली तार तुटते. बाहेरून काही दिसत नाही, पण भर कार्यक्रमात माईक खरखरतो. असे सरळ-उलटे वेढे घातले, की टोक धरून फेकली तरी तार गाठ न पडता सरळ जाते. उद्या दुपारी ती अशीच फेकायची आहे.

(तारांची पेटी. झाकण बंद होतं.)