पहिल्या अंकाची कडी

(पुण्यात मराठीच्या शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नाटकाचा पहिला अंक वर्गात बहुतेक वेळा फुकट जातो. फळ्यावर ‘पात्रपरिचय व पार्श्वभूमी’ लिहायचं आणि दुसऱ्या अंकाकडे पळायचं. पुण्यात यात आणखी एक भर पडते. इथल्या मुलांना नाटक माहीत असतं ते पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन स्पर्धेतलं, म्हणजे एकांकिका. तिथे ठिणगी आणि भडका एकाच बैठकीत. त्या सवयीनं तीन अंकी नाटकाची सुरुवात त्यांना पाल्हाळ वाटते. पहिल्या अंकात उधारीची खाती उघडतात आणि वसुली पुढच्या दोन अंकांत होते, हे आधी त्यांच्या लक्षात आणून द्यावं लागतं.

विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ घेऊ. १९६७ साली ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेनं ते अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनात केलं, नायिका लीला बेणारे होत्या सुलभा देशपांडे. फळ्यावर एवढी माहिती पुरे. गोष्ट एका ओळीत: खोट्या कोर्टाचे प्रयोग करणारी हौशी मंडळी कार्यक्रमासाठी एका गावातल्या हॉलमध्ये येतात; शिक्षिका बेणारे त्यांच्यातली, सामंत गावातला मदतनीस.

पहिला तास निव्वळ वाचनाचा. आठ पात्रं, आठ मुलं. नववा मुलगा रंगसूचना वाचणार, आणि तो वर्गातला सगळ्यात चांगला वाचक हवा. आपण नेमकं उलटं करतो, रंगसूचना गाळतो. मग सामंत आणि बेणारे हॉलमध्ये येतात तेव्हा तिचं बोट कडीत चिमटलेलं आहे, हे निसटतं. सामंत त्या कडीची खोड सांगतो: ती नीट बाजूला सारली नाही आणि दार ओढलं, की बाहेरून बंद. मुलं हसतात, हसू द्या. पुढे बेणारेला याच दारातून बाहेर पडायचं असतं, तेव्हा पान उलटून इथे परत यायचं. हे वाचताना वर्गाचं खरं दार वापरा. कडी हाताला लागली की टिपणाची गरज उरत नाही. सामंताच्या हातातल्या हिरव्या कापडी पोपटाचंही तेच. घरच्या लहान मुलासाठी घेतलेलं खेळणं आहे, एवढंच आत्ता सांगा. शेवटी तो कुठे जातो, ते मुलांना सापडू दे.

दुसऱ्या तासाला वहीत तीन रकाने: आत कोण, बाहेर कोण, हातात काय. कुणी आलं-गेलं की नवी ओळ. ही वही भरताना दोन गोष्टी आपोआप वर येतात. पहिली, न आलेली माणसं. मंडळीतला रावते आलेला नाही, म्हणून सामंताला साक्षीदार करायचं ठरतं. त्याला कोर्टाचं कामकाज ठाऊक नाही, म्हणून लुटुपुटीचा खटला. प्रा. दामलेही नाहीत, पण त्यांचं नाव रकान्यात हवंच.

दुसरी गोष्ट जास्त मोलाची. मंडळी पोहोचायच्या आधी बेणारे सामंतापुढे एकेकाची टर उडवते: कोर्ट न चालणारा वकील सुखात्मे, इंटर नापास शास्त्रज्ञ पोंक्षे, काशीकरांनी पोसलेला बाळू रोकडे. हा विनोद म्हणून शिकवला तर अर्धाच हाती लागतो. मुलांना विचारा, ‘कोर्ट भरायच्या आधी पहिली साक्ष कुणी दिली?’ मग त्याच यादीपुढे पुढच्या अंकांतली एकेकाची साक्ष लिहायला सांगा.

आणि मग ती तोंड धुवायला आत जाते. ही अंकाची बिजागरी. नियोजित कार्यक्रमात आरोपी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन, गुन्हा अण्वस्त्रांचा. लुटुपुटीच्या खटल्यात आरोपी कोण, हे मात्र बेणारे आत असताना, कुजबुजत ठरतं. इथे बेणारे वाचणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभं करा. कुजबुज संपली की गुणगुणत आत येऊ दे. वाक्यं तीच असतात, पण काय चाललंय हे वर्गात एकट्या तिलाच ठाऊक नसतं.

एक चूक हमखास होते. शेवट माहीत असल्यामुळे मुली पहिल्या वाक्यापासून बेणारे रडवेली वाचतात. तशी वाचली तर अंक कोसळतो. तिथे ती खेळकर, बडबडी, किंचित जास्तच आनंदी आहे. ‘किंचित जास्त’ का, एवढा प्रश्न मार्जिनमध्ये पुरे.

कलमाबद्दल मुलं विचारतातच. बेणारेवरचा आरोप भ्रूणहत्येचा आणि कलम ३०२, म्हणजे खुनाचं. भारतीय दंड संहितेत गर्भपातासाठी ३१२ हे वेगळं कलम होतं आणि गर्भपाताला सवलत देणारा कायदा १९७१ चा, नाटकानंतरचा. वकील सुखात्म्यांसमोर हे चुकीचं कलम खपतं, यावर वर्गात चांगलं भांडण लागतं. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं कलम आता १०३. परीक्षेत मात्र ३०२च लिहायचं.)

आरोप वाचला जातो, गुन्हा कबूल आहे का असं विचारलं जातं आणि अंक संपतो. इथे लगेच ‘हं, पुढे’ म्हणू नका. घड्याळ लावून दहा सेकंद गप्प बसा. पाचव्या सेकंदाला कुणीतरी हसतं. कोण हसलं, ते तिसऱ्या रकान्याखाली लिहून ठेवायला सांगा.