येहूचं बंड: दोन राजांचे खून आणि दोन दावेदार

नमस्कार मंडळी. इसवी सन पूर्व ८४१ च्या सुमारास, आजच्या उत्तर इस्रायलमधल्या इज्रेलपाशी एकाच दिवशी दोन राजांवर घाला पडला. एक इस्राएलचा योराम, दुसरा यहूदाचा अहज्या. नात्याने मामा-भाचे. दोघेही जीवाला मुकले. मारलं कोणी? बायबल म्हणतं, येहू नावाच्या सेनापतीने. आणि एका फुटक्या शिळेवर दमास्कसचा अरामी राजा म्हणतो, मी मारलं.

आधी मागची हकीकत. शलमोन राजानंतर त्याच्या राज्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेला इस्राएल, दक्षिणेला यहूदा. उत्तरेत अम्रीने आपलं घराणं बसवलं. त्याचा मुलगा अहाब, आणि सून सीदोनची राजकन्या ईजबेल. अहाबाची मुलगी दिली यहूदाच्या राजघराण्यात. अम्रीच्या घराण्याची ताकद या सोयरिकींमध्ये होती. हे ध्यानात असू द्या.

आता इज्रेल. अहाबाचा मुलगा योराम रामोथ-गिलादला दमास्कसचा अरामी राजा हजाएल याच्याशी लढताना जखमी झालाय आणि इज्रेलच्या वाड्यात पडून आहे. भाचा अहज्या त्याला बघायला आलाय. सैन्य अजून तिकडे आघाडीवरच. तिथे अलीशा संदेष्ट्याचा एक तरुण शिष्य येतो, येहूला आतल्या खोलीत नेतो, डोक्यावर तेल ओततो, ‘तू इस्राएलचा राजा’ असं सांगतो आणि दार उघडून पळ काढतो. बाहेर सरदार विचारतात, तो वेडा कशाला आला होता? येहू आधी टाळतो, मग सांगून टाकतो. क्षणात सगळे आपापले अंगरखे पायऱ्यांवर पसरतात आणि शिंग फुंकतात.

येहू पहिला हुकूम सोडतो: गावातून एकही माणूस बाहेर पडता कामा नये. बातमी पोचायच्या आत तो स्वतः पोचणार आहे.

इज्रेलच्या बुरुजावरून पहारेकऱ्याला धूळ दिसते. घोडेस्वार पाठवला जातो, तो परत येत नाही. दुसरा पाठवतात, तोही नाही. मग पहारेकरी म्हणतो, रथ हाकणं येहूसारखं दिसतंय, वेड्यासारखा हाकतोय. योराम जखमी अंगाने रथात चढतो, अहज्या स्वतःच्या वेगळ्या रथात. गाठ पडते नाबोथाच्या शेतात, म्हणजे ज्या शेतासाठी ईजबेलने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडांनी ठेचून मारवलं होतं, त्याच शेतात. सलोख्याने आलास ना, असं योराम विचारतो. येहूचं उत्तर ऐकून तो रथ वळवतो आणि ओरडतो, ‘अहज्या, दगा!’ येहूचा बाण पाठीत शिरून काळजातून बाहेर पडतो. अहज्या पळतो, वाटेत घायाळ होतो, मगिद्दोला मरतो. वयस्क ईजबेल डोळ्यांत काजळ घालून खिडकीत उभी राहते आणि येहूला धनीघातकी म्हणून हिणवते. तिला खिडकीतून खाली लोटतात. पाठोपाठ अहाबाच्या ७० मुलांची मुंडकी इज्रेलच्या वेशीत दोन ढिगांत रचली जातात.

[पडद्यावर: तेल दानची शिळा]

१९९३ साली उत्तर टोकाला तेल दान इथे एका जुन्या भिंतीत हा काळ्या बसाल्टचा तुकडा सापडला. अवराहम बिरान यांचं उत्खनन. पुढच्या वर्षी आणखी तुकडे मिळाले. मजकूर अरामी भाषेत आहे. नावं अर्धी तुटलेली, एकाचा शेवट ‘राम’, दुसऱ्याचा ‘याहू’. पण ‘इस्राएलचा राजा’ आणि ‘दावीदाचं घराणं’ (म्हणजे यहूदाचं राजघराणं) हे शब्द शिल्लक आहेत, आणि ही जोडी जुळते ती योराम-अहज्याशीच. लिहवून घेणाऱ्याचं नाव तुटलंय, बहुतेक अभ्यासक हजाएलच मानतात.

मग खोटं कोण? काही अभ्यासकांना वाटतं की येहू आणि हजाएल यांची आतून हातमिळवणी होती. मला ते तितकंसं पटत नाही. बायबलच सांगतं की येहूच्या हयातीत हजाएलने यार्देन नदीच्या पूर्वेचा सगळा मुलूख हिसकावला. माझ्या मते शत्रूचे दोन राजे एका झटक्यात गेले, त्यातला एक हजाएलच्याच सैन्याने जखमी केलेला. त्याने ते श्रेय आपल्या खाती मांडलं. त्याला गरजही होती. तोही धन्याला मारून गादीवर बसलेला, आणि अश्शूरच्या (असिरियाच्या) लेखात त्याचा उल्लेख ‘कोणाचाच नसलेल्याचा मुलगा’ असा आहे.

[पडद्यावर: काळा स्तंभ]

येहूची गत काय झाली, ते या स्तंभावर कोरलंय. निमरूदला १८४६ मध्ये लेयार्डला मिळालेला, आज ब्रिटिश म्युझियममध्ये. वरून दुसऱ्या ओळीत एक माणूस अश्शूरचा राजा शल्मनेसर तिसऱ्यापुढे जमिनीला कपाळ टेकून पडलाय. तो येहू, किंवा त्याचा वकील. मागे चांदी, सोनं, सोन्याची भांडी, कथील घेऊन माणसं उभी. ही खंडणी इ.स.पू. ८४१ ची, म्हणजे गादीवर बसल्या बसल्या. ईजबेलला मारून सीदोन तोडलं, अहज्याला मारून यहूदा तोडलं, डोक्यावर हजाएल. जाणार कुठे? आणि अश्शूरचा कारकून त्याचं नाव काय लिहितो? ‘अम्रीचा पुत्र येहू’. ज्या घराण्याचा त्याने निर्वंश केला, त्याच घराण्याच्या नावाने.

त्या सत्तर मुंडक्यांविषयी मला सगळ्यात मोलाची वाटते ती होशेयची साक्ष. राजांच्या ग्रंथात येहूला शाबासकी आहे: चार पिढ्या तुझे वंशज गादीवर बसतील. सुमारे शंभर वर्षांनी होशेय संदेष्टा देवाच्याच नावाने बजावतो की इज्रेलच्या रक्तपाताचा जाब येहूच्या घराण्याला द्यावा लागेल. दोन्ही वचनं एकाच बायबलमध्ये आहेत, कोणी पुसली नाहीत. चौथ्या पिढीतला जखऱ्या गादीवर आला, सहा महिने टिकला, आणि शल्लूमने त्याला मारून राज्य घेतलं.