सिक्स्टी फाइव्हच्या गाड्या

बुधवार. संध्याकाळचे सात वाजलेत. खासबाग मैदानाजवळच्या खाऊ गल्लीत कढया तापल्यात. बुधवार, शुक्रवार, रविवार हे कोल्हापूरचे मटण-चिकनचे वार. घरी रस्सा करायला सवड नसली की पावलं चिकन सिक्स्टी फाइव्हच्या, म्हणजे मसाला लावून तळलेल्या कोंबडीच्या तुकड्यांच्या, गाडीकडे वळतात.

पदार्थ मूळचा इथला नव्हे. चेन्नईच्या बुहारी हॉटेलात १९६५ साली तो सुरू झाला, असं ते हॉटेल सांगतं. कोल्हापूरने त्याला कांदा-लसूण चटणीची, म्हणजे इथल्या तिखट मसाल्याची, जोड दिली आणि शेजारी भात वाढला.

आता या परातीकडे नीट बघा. मसाल्यात मुरलेले, कॉर्नफ्लॉवर लावलेले तुकडे आधीच एकदा तळून ठेवलेत. गिऱ्हाईक आलं की दुसरं तळण. पहिल्यात आतलं मांस शिजतं, दुसऱ्यात वरचं पाणी उडून कवच कडक होतं. त्यासाठी तेल कडकडीत हवं. गर्दी वाढली आणि गाडीवाल्याने परातच कढईत रिकामी केली, की तेल थंड पडतं आणि तुकडा तेल पितो. खासबागेतल्या या गाडीवर आज तेच झालं.

राजारामपुरीतल्या गाडीवरच्या मावशी मात्र मूठभरच तुकडे सोडतात.

"मावशी, लवकर द्या की!"

"दम धर की. कच्चं देऊ व्हय?"

बुडबुडे बारीक होतात, तेलाचा आवाज उतरतो, तेव्हाच झारा आत जातो. मग त्याच तेलात कढीपत्ता आणि चिरलेली हिरवी मिरची, तडतडली की लगेच बाहेर. हाडाचा तुकडा तोडून बघा. वर कुरकुरीत, आत रस तसाच.

रंगाबद्दल बोलायलाच हवं. ब्याडगी मिरची रंग देते, संकेश्वरी तिखटपणा. पण बोटांवरून साबणानेही न जाणारा भडक लाल रंग मिरचीचा नसतो. शेजारच्या कर्नाटकाने जून २०२४ मध्ये कबाबातल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली. आपल्याकडेही तो थांबावा, असं आम्हाला मनापासून वाटतं. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी करणाऱ्या गावाला डबीतला रंग कशाला?

तेलाचंही तसंच. वारंवार तापवून खराब झालेलं तेल किती चालवायचं, याची मर्यादा अन्नसुरक्षेच्या नियमांनी २०१८ पासून घालून दिली आहे. गाडीवर मोजमाप कोण करणार? कढईत वाकून बघा. तेल काळं, दाटसर, फेसाळ दिसलं तर पुढच्या गाडीवर चला.

भातासाठी रंकाळा तलावाकाठी आलो. इथला भात दुपारीच शिजवून परातीत पसरलेला. गार झाला की शीत घट्ट होतं आणि परतताना मोडत नाही. गरम भात तव्यावर टाकला तर गोळा ठरलेला. चटणी इथला गाडीवाला दादा शेवटी, आच उतरवून घालतो. आधी घातली तर लसूण करपतो आणि सगळा भात कडू होतो. वर लिंबू, कच्चा कांदा. रस्सा मागावासा वाटत नाही.

तर तळण राजारामपुरीचं, भात रंकाळ्याचा. एकाच ठिकाणी पोटभर जेवायचं असेल तर रंकाळा गाठा, आणि आठच्या आत गाठा. नंतर भात संपतो, नुसतं चिकन उरतं.